विंडोज १० गेलं, आता काय? : काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला, तेव्हापासून आमच्या दुकानात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय. कुणी स्क्रीनवर आलेल्या सूचनेचा फोटो मोबाइलवर दाखवतं, कुणी "भाचा म्हणतो लिनक्स टाका" (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) असं सांगतं, कुणी थेट नव्या लॅपटॉपचा भाव विचारतं. दिवसातून दहा वेळा तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतोय. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि विकतोही. म्हणजे "नवीन घ्या" असं सांगण्यात माझा फायदा आहे. तेवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

विंडोज १० बंद झालं म्हणजे माझा कॉम्प्युटर चालायचा थांबणार का?

नाही. काल चालत होता तसाच उद्याही चालेल. बंद झाल्यात त्या दर महिन्याला फुकट येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. २९ जुलै २०१५ ला हे विंडोज आलं, त्याच्या थोडं आधी मायक्रोसॉफ्टच्याच एका कर्मचाऱ्याने जाहीरपणे "हे शेवटचंच विंडोज" असं म्हटलं होतं. ते शब्द जेमतेम सहा वर्षं टिकले.

दुरुस्त्या थांबल्याने काय बिघडतं? मे २०१७ मधलं वॉनाक्राय आठवून बघा. विंडोजमधल्या एका भोकातून तो व्हायरस जगभर फिरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. गंमत अशी की त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं आणि ज्यांच्या जुन्या विंडोजला ते मिळालंच नव्हतं, ते सापडले. आता तुमचं विंडोज १० त्या दुसऱ्या गटात गेलंय.

मग आजच्या आज काही करावं लागेल का?

घाबरून धावत येऊ नका, थोडी मुदत आहे. घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव दुरुस्त्या मिळतात. त्यासाठी मशीनवर विंडोज १० ची शेवटची, म्हणजे २२एच२ ही आवृत्ती हवी. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज त्यांच्याकडे सिंक केल्या तर पैसे लागत नाहीत. नाहीतर ३० डॉलर किंवा त्यांचे १,००० रिवॉर्ड पॉइंट. पैसे भरले तरी खातं काढावंच लागतं, ही मेख आहे. युरोपातल्या लोकांनी आरडाओरडा केला, त्यांना सिंक न करताही फुकट मिळालं. आपण केला नाही.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. सिस्टीमच्या आधी बहुधा ब्राउझर तुम्हाला अडवतो. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, पण लोकांची खरी अडचण २०२३ मध्ये झाली, जेव्हा क्रोमने त्यावर नव्या आवृत्त्या देणं बंद केलं आणि संकेतस्थळं एकेक करून "ब्राउझर जुना आहे" म्हणायला लागली. विंडोज १० वर एज ब्राउझरला निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट मिळतील, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. म्हणून हे मशीन तोवर सुरक्षित राहील असं मात्र समजू नका. खिडक्यांना नवी काच बसवली तरी मागचं दार उघडंच आहे.

माझा लॅपटॉप मस्त पळतो. तरी विंडोज ११ "चालणार नाही" असं का सांगतं?

कारण अट वेगाची नाहीच. ५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, सिक्युअर बूट लागतं आणि प्रोसेसर ठरावीक यादीतलाच लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ते घरी बघता येतं. लॅपटॉपच्या माहितीच्या पानावर "आय५-७२००यू" असं काही लिहिलेलं असतं. डॅशनंतरचा पहिला आकडा ७ म्हणजे सातवी पिढी, म्हणजे यादीबाहेर. "आय५-८२५०यू" असेल तर आत. या दोन लॅपटॉपमध्ये एका वर्षाचं अंतर असेल, पण सरकारी नोकरीच्या वयोमर्यादेसारखं आहे, एक दिवस इकडे की तिकडे.

आठव्या पिढीचा असूनही नकार येत असेल तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, टीपीएम बंद असण्याची शक्यता मोठी. इंटेलवर ते पीटीटी या नावाने दिसतं, एएमडीवर एफटीपीएम. चालू करायला दोन मिनिटं लागतात. या दोन मिनिटांसाठी कुणी "मदरबोर्ड बदलावा लागेल" म्हणालं तर दुकान बदला.

कुणीतरी म्हणालं, पळवाट काढून जुन्या मशीनवरही विंडोज ११ मारून देतात. घेऊ का मारून?

मारता येतं. रुफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्ह बनवतानाच त्या तपासण्या गाळतं. मीही करून दिलंय, गिऱ्हाइकाला सगळं सांगून. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, आणि दर वर्षीची मोठी आवृत्ती आली की पुन्हा हाताने बसवावी लागते. फारच जुनं, म्हणजे कोअर टू ड्युओच्या काळातलं मशीन असेल तर २४एच२ पासून पुढचं विंडोज ११ त्यावर सुरूच होत नाही, कारण त्याला लागणारी एक आज्ञा त्या प्रोसेसरला येतच नाही. तिथे पळवाटही नाही.

आणि "ॲक्टिव्हेटर" टाकून फुकट विंडोज? सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत म्हणून विंडोज बदलायचं आणि ते करताना कुणा अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम अँटिव्हायरस बंद करून चालवायचा, याला काय म्हणावं?

भाचा म्हणतो लिनक्स टाका. टाकू का?

भाच्याला विचारा, टॅलीचं काय.

चेष्टा नाही, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एक कागद देतो. त्यावर लिहायचं: या कॉम्प्युटरवर मी काय काय करतो. "इंटरनेट" असं मोघम नको. कोणतं सॉफ्टवेअर, कोणता प्रिंटर, यूएसबीला काय काय लावतो. बहुतेकांची यादी चार-पाच ओळींत संपते आणि निकाल त्यातल्या एकाच ओळीवर लागतो. कोणती सिस्टीम चांगली यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाचा निर्णय सिस्टीमच्या गुणांवर झालेला पाहिला नाही. तो होतो कुठल्यातरी डोंगलवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या यूएसबी किल्लीवर, नाहीतर एखाद्या प्रिंटरवर.

टॅली अधिकृतपणे विंडोजवरच चालतं. फोटोशॉप आणि कोरलड्रॉ लिनक्सवर येत नाहीत. (कोरलड्रॉ २००० साली लिनक्ससाठी आलं होतं, हे सांगितलं की डीटीपीवाले माझ्याकडे वेड्यासारखं बघतात.) डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचे लिनक्स ड्रायव्हर असतात, जीएसटीच्या संकेतस्थळावर सही करायचं एमसाइनरही लिनक्ससाठी मिळतं, पण ते जमवताना अर्धा दिवस जातो आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला ते बिघडलं तर तुमचे सीए तुम्हाला माफ करणार नाहीत. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा विंडोज आणि अँड्रॉइडपुरतंच असतं. तेव्हा सेवा केंद्र चालवत असाल तर हा विषय इथेच संपला. प्रिंटरचं म्हणाल तर, आपल्याकडे प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे दिसणारा एक छोटा लेझर प्रिंटर आहे. तो लिनक्सवर चालवायला मी एका रविवारी बसलो आणि सोमवारी उठलो.

आता दुसरी बाजू. गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. २०१३ चा लॅपटॉप, तिसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की त्या बटण दाबून चहा टाकायला जायच्या. कागदावर चार ओळी: यूट्यूबवर कीर्तनं, मेल, बँक, मंडळाची पत्रं. एसएसडी ही वेगवान डिस्क टाकली, लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. महिन्याभराने परत आल्या त्या एकाच तक्रारीसाठी: पत्त्यांचा खेळ सापडत नव्हता. तोही टाकून दिला.

मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या आहेत. ते फुकट आहे, खातं मागत नाही, आणि डावीकडे खाली मेनूचं बटण असल्याने विंडोजची सवय असलेला माणूस हरवत नाही. किमान २ जीबी रॅम सांगतात, पण ४ जीबी असल्याशिवाय मी टाकून देत नाही. ब्राउझरच सगळी रॅम खातो, त्याला लिनक्स काय करणार?

टाकण्याआधी बघता येईल का?

येईल, आणि बघाच. मिंट ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवून थेट तिथूनच चालवता येतं. हार्ड डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, स्क्रीनची चमक कमी-जास्त होते का, प्रिंटर दिसतो का, एवढं तपासा. लॅपटॉपचं झाकण बंद करून पुन्हा उघडा. जुन्या लॅपटॉपची खोड तिथेच कळते.

मराठी टायपिंगचं काय?

हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे असतात आणि दोघांची उत्तरं पार वेगळी आहेत.

पहिले युनिकोडवाले. व्हॉट्सॲपवर, मेलवर, संकेतस्थळांवर जे मराठी दिसतं ते सगळं युनिकोड. ते विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड कुठेही सारखंच. इन्स्क्रिप्ट कळफलक कॉम्प्युटरच्या तिन्ही सिस्टीमवर आधीपासून असतो, नुसता सेटिंगमधून जोडायचा. उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांतून लिहायची सवय असेल तर विंडोज १० च्या २०१९ च्या आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कळफलक मिळतो, आणि लिनक्सवर आयबस नावाच्या व्यवस्थेतून तसंच काम होतं. दोन्हींच्या खोडी मात्र निराळ्या. विंडोजवर हाताला बसलेला एखादा शब्द लिनक्सवर वेगळ्या कळांनी उमटतो. माझा सल्ला: सिस्टीम बदलतच आहात तर या निमित्ताने इन्स्क्रिप्ट शिका. पंधरा दिवस चिडचिड होते, मग आयुष्यभर कुठलंही मशीन चालतं. नवं मशीन हातात आलं की मी एक शब्द लिहून बघतो, "दऱ्याखोऱ्या". शिफ्ट धरून जे म्हणजे ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग य. अर्धा र नीट बसला तर फॉन्ट आणि कळफलक दोन्ही ठीक. मग "ॲप" लिहून बघायचं. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, जुने फॉन्ट तिथे चौकोन दाखवतात.

दुसरे जुन्या फॉन्टवाले. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, साप्ताहिकं, ग्रामपंचायतीचे अहवाल. यांचा कित्येक वर्षांचा मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. त्या फाइलमध्ये मराठी नसतंच. आत असतात रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा, आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट काढला की "चि. सौ. कां." च्या जागी कचरा दिसतो. आमच्या गल्लीत पत्रिका छापणारे एक काका आहेत. पानं जुळवायचं पेजमेकर ७, फॉन्टच्या पॅकेजचं डोंगल, आणि विंडोज एक्सपी. पेजमेकर ७ हे २००१ चं, एक्सपीही २००१ चं, काकांचा चष्मा तेवढा नवीन. त्यांना मी सिस्टीम बदला असं एकदाही म्हटलेलं नाही. त्या मशीनचं इंटरनेट तोडलं, हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवली आणि मेल-व्हॉट्सॲपसाठी शेजारी दुसरं साधं मशीन लावून दिलं. नवा मजकूर युनिकोडमध्ये घ्यायला त्यांनी सुरुवात केली आहे. जुन्यासाठी परिवर्तक मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात. "कार्य"चं "कायर्" झालेलं परिवर्तकाला कळत नाही. वधूच्या मामाला कळतं.

इतक्या सिस्टीम आहेत, तरी सगळीकडे विंडोजच का?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे एसटी स्टँडवरचा कंट्रोलर. कोणती गाडी कोणत्या फलाटाला, कोण आधी सुटणार, हे तो ठरवतो. प्रवासी स्टँडवर येतो तो गाडीसाठी, कंट्रोलरला भेटायला नाही. ज्या स्टँडवरून जास्त गाड्या सुटतात तिथे प्रवासी जातात, आणि जिथे प्रवासी जास्त तिथेच गाड्या लागतात.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमचा पीसी आला. त्यावर विंडोजच्या आधीचं डॉसही घेता येत होतं आणि गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीची नवी आवृत्तीही. डॉस ४० डॉलरला, सीपी/एम २४० ला. हे डॉस मायक्रोसॉफ्टने सिअ‍ॅटलच्या एका छोट्या कंपनीकडून विकत घेऊन आयबीएमला दिलं होतं आणि इतरांना विकायचा हक्क स्वतःकडे राखला होता. आयबीएमच्या मशीनच्या नकला बाजारात आल्या तेव्हा प्रत्येक नकलेबरोबर डॉस खपलं. सॉफ्टवेअर लिहिणारे अर्थातच तिकडे गेले.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती ओएस/२ या सिस्टीमची. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टने ते मिळून सुरू केलं, १९८७ मध्ये आलं, मग दोघांचं फाटलं. आयबीएमने नेटाने ते पुढे नेलं आणि १९९२ च्या आवृत्तीत विंडोजचे प्रोग्रॅमही चालतील अशी सोय केली. तांत्रिकदृष्ट्या ते त्या वेळच्या विंडोजपेक्षा भक्कम होतं. पण सॉफ्टवेअर कंपन्यांनी हिशोब केला: विंडोजसाठी लिहिलं की ते दोन्हीकडे चालतंच, मग ओएस/२ साठी वेगळं कशाला लिहा? मदतीसाठी केलेली सोयच अंगाशी आली. मायक्रोसॉफ्टवर अमेरिकन सरकारने १९९८ मध्ये मक्तेदारीचा खटला भरला, तेव्हा न्यायाधीश जॅक्सन यांनी नेमकं यावर बोट ठेवलं होतं. नव्या सिस्टीमला बाजारात शिरू न देणारी भिंत आहे ती ॲप्लिकेशनांची. पुढे विंडोज फोनने हीच भिंत उलट्या बाजूने पाहिली. तिथे मायक्रोसॉफ्ट बाहेर होतं आणि ॲप आतल्यांकडे.

आज वाइन नावाचं सॉफ्टवेअर आणि व्हॉल्व या गेमवाल्या कंपनीचं प्रोटॉन विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवतात, तेव्हा मला ओएस/२ ची आठवण येते. फरक एवढाच की ओएस/२ मागची कंपनी कंटाळली. लिनक्समागे कंटाळणारं असं एक कुणी नाही.

मुलगा गेम खेळतो. लिनक्सवर चालतील?

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या पुष्कळ चालतात. २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक हा हातात धरायचा गेमचा कॉम्प्युटर लिनक्सवरच आहे. पण व्हॅलोरंटसारखे ऑनलाइन गेम, ज्यांची चोर-पकड यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात बसते, ते चालत नाहीत. मुलाला आधी विचारा, घरात शांतता राहील.

मग मॅकच घेऊन टाकू?

बजेट असेल आणि कागदावर टॅली नसेल तर वाईट नाही. २०२० च्या एम१ पासून ॲपलने स्वतःच्या चिप वापरायला घेतल्या आणि बॅटरीच्या बाबतीत बाकीच्यांची झोप उडवली. पण जुना इंटेलचा मॅक "स्वस्तात मिळतोय" म्हणून घेऊ नका. २०२५ मध्ये आलेलं मॅकओएस २६ हे इंटेल मॅकसाठी शेवटचं. तो मॅक स्वस्त का मिळतोय, याचं उत्तर तेच.

क्रोमबुक किंवा क्रोमओएस फ्लेक्स?

गूगलचं फ्लेक्स जुन्या लॅपटॉपवर फुकट टाकता येतं. नुसता ब्राउझर वापरणाऱ्याला पुरेसं. त्यावर प्ले स्टोअर नाही, म्हणजे मोबाइलमधली ॲप येणार नाहीत. हे न सांगता टाकून दिलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं.

आपली स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीम का नाही?

आहे की, एक सोडून कित्येक. सी-डॅकचं बॉस लिनक्स २००७ पासून आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर बेतलेलं माया आणलं. त्याच वर्षी मद्रासच्या आयआयटीतून मोबाइलसाठी भारओएस आलं. यातलं काहीच शून्यातून लिहिलेलं नाही, लिनक्स किंवा अँड्रॉइडच्या खुल्या गाभ्यावर उभं आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. अडचण तिथे नाहीच. अडचण पुन्हा त्या कागदावरच्या यादीची.

ते केरळने ओळखलं. तिथल्या सरकारी शाळांतले कॉम्प्युटर कित्येक वर्षं लिनक्सवर आहेत. पण त्यांनी नुसती सीडी वाटली नाही. पाठ्यपुस्तकं त्यावर बेतली, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, शिकवायची सॉफ्टवेअर त्यातच भरून दिली. आपल्याकडे एमएस-सीआयटीने खेडोपाडी लाखो लोकांना कॉम्प्युटर शिकवला, ते काम मोठंच. पण शिकवलं विंडोज आणि ऑफिस. त्यातलं "एमएस" म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण माझ्याकडे येणारे निम्मे लोक ते मायक्रोसॉफ्ट समजतात, आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही.

म्युनिक महापालिकेची गोष्ट लोक दोन्ही बाजूंनी सांगतात. त्यांनी २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, दहा वर्षांत सुमारे १५,००० मशीन बदलली आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचं ठरवलं. आता जर्मनीतलंच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्य ३०,००० मशीन घेऊन त्याच वाटेला लागलंय.

यावेळी कारण पैशाचं कमी आणि भीतीचं जास्त आहे: परक्या कंपनीने उद्या सेवाच थांबवली तर? ती भीती किती खरी ते जुलै २०२५ मध्ये मुंबईत दिसलं. नायरा एनर्जी या तेल कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा वाटा असल्याने युरोपने तिच्यावर निर्बंध लावले, आणि मायक्रोसॉफ्टने तिची मेल वगैरे सेवा अचानक थांबवली. कंपनी भारतीय, कायदा युरोपचा, सेवा अमेरिकन. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग काही दिवसांत सेवा सुरू झाली. पैसे भरलेले परवाने असूनही हे झालं. तेव्हापासून "आमचा डेटा कुठे असतो?" हा प्रश्न साध्या वकिलांच्या ऑफिसातूनही यायला लागलाय.

एआय पीसी घ्यावा का?

२०२४ पासून कोपायलट प्लस नावाने जे लॅपटॉप विकले जातात, त्यांत एआयसाठी वेगळा भाग असतो आणि तो सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करेल अशी अट आहे. पुढे कधीतरी त्याचा उपयोग होईल. आज तरी त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं काम माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणाच्याच कागदावर दिसलेलं नाही. त्यातल्या काहींत स्नॅपड्रॅगनचा प्रोसेसर असतो. बॅटरी छान चालते, पण जुन्या प्रिंटरचे आणि डोंगलचे ड्रायव्हर त्यावर चालतील असं धरून चालू नका.

या लॅपटॉपवर गाजलं ते रिकॉल. स्क्रीनचे सारखे फोटो काढून ठेवायचे, म्हणजे नंतर "मी ते कुठे पाहिलं होतं?" विचारता येईल. मे २०२४ मध्ये घोषणा झाली, तज्ज्ञांनी धुतलं, मायक्रोसॉफ्टने मागे घेऊन ते वापरणाऱ्याने चालू केलं तरच चालेल असं केलं आणि जवळपास वर्षाने सोडलं. सिग्नल ॲपने तर आपली खिडकी त्याला दिसू नये अशी तजवीज केली. माझा आक्षेप साधा आहे. दुकानात, बँकेत, सायबर कॅफेत एकच मशीन चार जण वापरतात. "पर्सनल" कॉम्प्युटर पर्सनल असतो हे गृहीतच आपल्याकडे लागू नाही.

पाच वर्षांनी कॉम्प्युटर राहील का, की सगळं मोबाइलवर?

माझ्या काउंटरवर बसून बघा. कॉलेजची मुलं बायोडेटा मोबाइलवर बनवतात, व्हॉट्सॲपने मला पाठवतात आणि प्रिंट काढताना ओळ सरकलेली दिसली की "दादा, तुमच्या पीसीवर जरा नीट करून द्या ना" म्हणतात. मोबाइल पहिला कॉम्प्युटर झालाय, एकमेव अजून झालेला नाही. सॅमसंगचे काही फोन २०१७ पासून मॉनिटरला जोडून खिडक्या उघडू शकतात, आणि क्रोमओएस व अँड्रॉइड एकाच पायावर आणणार असल्याचं गूगलने सांगितलंय. तेव्हा पुढची लढत मायक्रोसॉफ्ट विरुद्ध लिनक्स अशी असेल असं मला वाटत नाही. ती फोनवाल्यांची टेबलावर चढाई असेल.

मला काळजी वेगळी आहे. पूर्वी विंडोजची सीडी माझ्या हातात असायची. आता विंडोज ११ बसवताना खात्याशिवाय पुढे जायच्या वाटा एकेक करून बुजवल्या जातायत. मशीन तुमचं, पण त्यात शिरायचं ते कंपनीने ओळखल्यावर. आणि सात-आठ वर्षांचं धडधाकट मशीन कधी म्हातारं ठरवायचं, हेही तिकडूनच ठरतं. त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की "नवीनच घ्या" हे वाक्य मलाही सहज बोलवत नाही.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतील?

येतील. पण आधी बिटलॉकर बघा. नव्या विंडोजमध्ये डिस्क बरेचदा तुम्हाला न विचारताच कुलूपबंद केलेली असते आणि तिची ४८ आकडी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ती मागतं. खातं उघडून देणारा जुना मेल आणि त्याचा पासवर्ड विसरला असाल, तर डेटा तुमच्यासमोर असून नसल्यासारखा. आधी किल्ली कागदावर उतरवा, मग बाकीचं. आणि दोन वेगळ्या एसएसडींवर दोन सिस्टीम ठेवता आल्या तर सर्वांत उत्तम. एकीने दुसरीच्या पायावर पाय देण्याचा प्रश्न उरत नाही.

दुकानात येताना काय आणू?

कामांची यादी लिहिलेला कागद. डोंगल, टोकन, प्रिंटरची केबल, जे जे यूएसबीला लावता ते सगळं. मेलचा पासवर्ड, निदान ओटीपी येणारा मोबाइल. फोटोंचा बॅकअप घरीच घेऊन या, आमच्या भरवशावर ठेवू नका. आणि चार्जर. सगळं आठवणीने आणतात आणि चार्जर घरी विसरतात.